डिजिटल रेडिओची परीक्षा पाटणच्या खोऱ्यात

डिजिटल रेडिओचा विषय निघाला की बोलणं आवाजावर येतं. खरखर जाईल, मध्यम लहरींवरही (मीडियम वेव्ह) एफएमसारखं स्वच्छ ऐकू येईल, रात्री दुसरी स्टेशनं मध्ये घुसणार नाहीत. यातलं बरंचसं खरं आहे. तरीही माझं स्पष्ट मत आहे की नुसत्या स्वच्छ आवाजासाठी सातारा-सांगलीतला सामान्य माणूस नवा संच विकत घेणार नाही. विट्याच्या यंत्रमाग कामगाराच्या कानावर रेडिओ पडतो तो मागांच्या खडखडाटातून. गोठ्यात धार काढताना, उसाला पाणी पाजताना, शिलाई मशिनवर बसून ऐकणाऱ्याला खरखरीची सवय आहे. तिच्यापायी त्यानं रेडिओ सोडला नव्हता. रेडिओ सोडला असेल तर त्यात आपल्या गावाचं, आपल्या कामाचं काही उरलं नाही म्हणून.

डिजिटल रेडिओ जिंकायचा असेल तर त्याला इथल्या माणसाला असं काही द्यावं लागेल जे त्याला दुसरीकडे मिळत नाही, आणि ते ऐकायचा संच तालुक्याच्या बाजारपेठेत परवडणाऱ्या दरात मिळावा लागेल. इतकी वर्षं या दोन्ही गोष्टी मागं राहिल्या आणि पैसा प्रक्षेपकांवर गेला. मला हे तंत्रज्ञान यशस्वी झालेलं पाहायचं आहे, म्हणूनच हे लिहितो आहे.

आकाशवाणीनं डिजिटलसाठी 'डिजिटल रेडिओ माँडिआल', म्हणजे डीआरएम हे मानक निवडलं. त्याच्या चाचण्या आपल्याकडे 2007 पासून होत आल्या. पुढं देशभरात सुमारे 35 मध्यम लहरी प्रक्षेपक डीआरएमसाठी सज्ज झाले. पुण्याचा 792 किलोहर्ट्झचा 100 किलोवॉटचा प्रक्षेपक त्यातलाच. या पद्धतीत जुनं आणि नवं प्रसारण शेजारी शेजारी चालू शकतं आणि पूर्ण डिजिटल केलं तर एकाच जागेत दोन-तीन कार्यक्रम, शिवाय संचाच्या पडद्यावर वाचायचा मजकूर असं सगळं बसतं. प्रक्षेपकाची वीजही बरीच वाचते. कागदावर यात नाव ठेवण्यासारखं फार थोडं आहे.

पण सांगलीच्या बाजारात जाऊन डीआरएमचा संच मागून पाहा. साधा बॅटरीवरचा ट्रान्झिस्टर पाचशे-हजारात मिळतो, तो दुकानदार लगेच काढून देईल. डीआरएमचं नाव मात्र त्यानं बहुधा ऐकलेलं नसेल. स्वतंत्र डीआरएम संच भारतात आले ते थोडे आले आणि हजारोंच्या किमतीत आले. शेतमजुराच्या आठवड्याच्या कमाईपेक्षा महाग असलेला रेडिओ हा रोजच्या श्रोत्याचा रेडिओ होऊच शकत नाही. दुकानदार म्हणतो गिऱ्हाईक नाही, कारखानदार म्हणतो मागणी नाही, प्रसारक म्हणतो ऐकणारा नाही तर कार्यक्रम कुणासाठी करू. ही कोंडी नवी नाही आणि ती बाजार आपणहून फोडेल असं मानायला काही आधार नाही.

संच गाड्यांमध्ये आले, हे खरं. मारुती, ह्युंदाई यांच्या आणि इतरही काही कंपन्यांच्या लाखो गाड्यांत गेल्या काही वर्षांत डीआरएम बसवून आलं आहे. त्याचा गवगवा डिजिटल रेडिओचे पुरस्कर्ते फार करतात. मला तो आकडा फसवा वाटतो. गाडीत सोय असणं वेगळं आणि ती वापरणं वेगळं. पुणे-बंगळूर महामार्गावरून जाणाऱ्या गाडीत बसल्या बसल्या फोन ब्लूटूथला जोडला जातो. डॅशबोर्डच्या मेनूत मध्यम लहरींचं डिजिटल स्टेशन शोधायला कोण जातं? आणि ज्याच्यासाठी सार्वजनिक प्रसारण असतं तो माणूस बहुतेकदा त्या गाडीत नसतो. तो त्याच महामार्गाच्या कडेनं बैलगाडीतून किंवा ट्रॅक्टरवरून ऊस घेऊन चाललेला असतो.

खास संच लागणाऱ्या रेडिओचा एक प्रयोग आपण पाहिलेला आहे. वर्ल्डस्पेस ही उपग्रहावरची रेडिओसेवा होती. आवाज उत्तम, संगीताच्या वाहिन्या सुंदर, त्यात शास्त्रीय संगीतही. त्यासाठी वेगळा संच घ्यावा लागे आणि वर्गणी भरावी लागे. 2009 च्या डिसेंबरअखेर ती सेवा भारतात बंद झाली आणि हौसेनं घेतलेले संच मुके झाले. श्रोत्यांनी त्या सेवेवर जीव लावला होता. ती बुडाली ती मूळ कंपनी दिवाळखोरीत गेल्यामुळे. पण लोकांच्या मनात त्यातून राहिलं ते एवढंच, की नव्या रेडिओत पैसे घातले तर उद्या तो चालेलच याची खात्री नाही. डीआरएमचा संच विकायला निघालेल्या प्रत्येकाला आधी या शंकेला उत्तर द्यावं लागणार आहे, आणि ते उत्तर जाहिरातीतून देता येत नाही. सरकारनं 'पुढची पंधरा वर्षं हे प्रसारण या भागात सुरू राहील' असं बांधून द्यावं लागेल.

आता फोनचा मुद्दा. हा सगळ्यात जड आक्षेप आहे आणि तो टाळून पुढं जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. हातात फोन आहे, डेटा स्वस्त आहे, गाणी हवी ती हवी तेव्हा मिळतात, मग रेडिओ कशाला? गाण्यांपुरतं हे मान्य करून टाकावं. ती लढाई रेडिओ हरला आहे. आणखी एका बाबतीत तर फोननं रेडिओचं भलंच केलं. खानापूर-आटपाडीकडची गलाई व्यवसायातली कुटुंबं देशभर विखुरलेली आहेत. तमिळनाडूत किंवा बिहारमध्ये सोनं-चांदी गाळणाऱ्या माणसाला आकाशवाणीच्या ॲपवरून मराठी ऐकता येतं. कुठलाही प्रक्षेपक हे करू शकला नसता.

पण फोनच्या जोरावर रेडिओ मोडीत काढणाऱ्यांनी एकदा आपल्याच जिल्ह्यांचा नकाशा नीट पाहावा. साताऱ्याचं आकाशवाणी केंद्र 103.1 मेगाहर्ट्झ एफएमवर आहे. त्या लहरीची लांबी तीन मीटरच्या आतबाहेर. ती सरळ रेषेत जाते आणि डोंगर आडवा आला की थांबते. पाटण, जावळी, महाबळेश्वर या तालुक्यांतल्या खोऱ्यांत, कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या काठावर, कोयनेच्या पलीकडच्या वाड्यांवर हेच होतं. मोबाइलचंही तेच: मनोरा दिसला तर रेंज, नाहीतर फोन घेऊन टेकाडावर चढायचं. मध्यम लहरींचं तसं नसतं. सांगली केंद्र 1251 किलोहर्ट्झवर ऐकत आपल्या दोन पिढ्या वाढल्या. त्या लहरीची लांबी 240 मीटरच्या घरात जाते. एवढी लांब लहर जमिनीला धरून पसरते, डोंगराला वळसा घालते, खोऱ्यात उतरते. सह्याद्रीच्या या बाजूला एकाच प्रक्षेपकानं दूरपर्यंत पोचायचं असेल तर मध्यम लहरींना पर्याय नाही, आणि मध्यम लहरींवर चांगला आवाज आणि जोडीला मजकूर देऊ शकणारं मानक म्हणजे डीआरएम. मला या तंत्रज्ञानाची बाजू घ्यावीशी वाटते ती इथं. शहरातल्या श्रोत्याला त्याची गरज थोडी आहे. डोंगरातल्याला खरी आहे. आपण मात्र त्याची ओळख करून दिली ती शहरी गाडीवाल्याला.

दुसरी गरज पाण्याची आहे. पावसाळ्यात सांगलीत माणसं भेटली की पहिला प्रश्न 'आयर्विनला किती फूट?', म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती चढलं. 40 फूट इशारा, 45 फूट धोका, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये ती पातळी 57 फुटांच्या वर गेली. वीज गेली, फोनच्या बॅटऱ्या संपल्या, रेंजचा भरवसा राहिला नाही. आणि ज्यांच्या फोनमध्ये थोडी धुगधुगी होती त्यांच्यापर्यंत खऱ्या बातमीच्या आधी अफवा पोचत होती. अशा वेळी माणसाला काय हवं असतं? कोयनेतून किती क्युसेक सोडलं, दरवाजे किती फुटांनी उचलले, कराडच्या संगमावर पाणी काय म्हणतंय, खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातून विसर्ग किती, आपल्या गावची बोट कुठं आहे, छावणी कुठल्या शाळेत आहे. कोयनेचं पाणी सांगलीत पोचायला वेळ लागतो. तो वेळ हाच जीव वाचवायचा वेळ असतो.

डीआरएममध्ये आपत्कालीन इशाऱ्याची सोय मानकातच आहे. इशारा सुटला की त्यासाठी बनवलेला संच चालू असलेला कार्यक्रम सोडून आपोआप इशाऱ्याच्या वाहिनीवर जातो. तयारीत ठेवलेला असेल तर स्वतःहून सुरू होतो आणि पडद्यावर मजकूरही दाखवतो. ज्याला ऐकू येत नाही तो वाचू शकतो. एकच प्रक्षेपण लाखाला पोचतं आणि दहा लाखांनाही. ऐकणारे वाढले म्हणून ते कोलमडत नाही. मोबाइलचं जाळं नेमकं गर्दीच्या वेळी गुदमरतं. सांगली, मिरज, पलूस, वाळवा, शिरोळ या पूरपट्ट्यातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीत, प्रत्येक शाळेत, प्रत्येक दूध संस्थेत असा एक संच असणं ही चैन नाही. 2021 च्या जुलैत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी कोसळल्या. त्या खोऱ्यांत रात्रीच्या पावसात निरोप पोचवण्याचा दुसरा कुठला खात्रीचा मार्ग आपण उभा केला आहे, हे प्रशासनानं सांगावं.

या जागी एक अडचण नोंदवायला हवी. जुन्या रेडिओचं स्टेशन लांब गेलं तर खरखर वाढते, पण शब्द कळत राहतात. डिजिटलचं तसं नाही. सिग्नल ठराविक पातळीच्या खाली गेला की आवाज थेट तुटतो. त्यात एलईडी दिवे, इन्व्हर्टर, मोटारीचे स्टार्टर यांचा गोंगाट मध्यम लहरींत हल्ली फार वाढला आहे. डिजिटल संचाला वीजही जास्त लागते, दोन सेलवर महिनोन्‌महिने चालणारा तो ट्रान्झिस्टर नव्हे. त्यामुळे पुरेशा ताकदीचं प्रक्षेपण आणि हातानं फिरवून किंवा उन्हावर चार्ज होणारा संच नसेल तर पुराबद्दलचा माझा सगळा युक्तिवाद पाण्यात जाईल. जुन्याच्या शेजारी कमी ताकदीनं डिजिटल चालवायचं आणि मग 'लोक ऐकत नाहीत' म्हणायचं, हे किती वर्षं चालणार?

कार्यक्रमांचं काय, हा प्रश्न मला सगळ्यात जिव्हाळ्याचा वाटतो. 1956 मध्ये पुणे आकाशवाणीनं युनेस्कोच्या मदतीनं शेतकरी रेडिओ मंडळांचा प्रयोग केला. पाच मराठी जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावं त्यात होती आणि त्यात तेव्हाचा उत्तर सातारा जिल्हा होता. गावातली वीसेक माणसं एका संचाभोवती जमायची, शेतीवरचा कार्यक्रम ऐकायची, त्यावर चर्चा करायची आणि आपले प्रश्न केंद्राला कळवायची. पुढच्या कार्यक्रमात त्या प्रश्नांची उत्तरं यायची. त्या प्रयोगाचा अभ्यास झाला आणि मंडळं असलेल्या गावांत लोकांची माहिती लक्षणीय वाढल्याचं दिसलं. तेव्हाचे संच आजच्यापेक्षा जड, महाग आणि खरखरणारे होते. तरी लोक जमले, कारण रेडिओ त्यांच्याशी बोलत होता आणि त्यांचं ऐकतही होता.

हेच आजही दिसतं. म्हसवडची 'माणदेशी तरंग वाहिनी' 2008 पासून माणच्या बायकांशी त्यांच्या बोलीत बोलते आहे. जत तालुक्यातल्या जालिहाळची 'येरळावाणी' तिकडच्या दुष्काळी गावांसाठी चालते. ही सामुदायिक केंद्रं लहान आहेत, त्यांचा पल्ला थोड्या किलोमीटरचा असतो, उत्पन्न बेताचं. पण इथला माणूस रेडिओपासून तुटलेला नाही हे त्यांनी दाखवून दिलं आहे. उलट बाजूला आकाशवाणीच्या अनेक लहान केंद्रांवर स्थानिक कार्यक्रमांचे तास आटत गेले, जागा भरल्या गेल्या नाहीत आणि दुसऱ्या केंद्रांवरचे कार्यक्रम तसेच लावणं, म्हणजे सहक्षेपण, वाढलं. डिजिटलमुळे एका वाहिनीच्या तीन झाल्या आणि तिन्हींवर दिल्ली-मुंबईचाच माल वाजला, तर सांगलीच्या श्रोत्याला त्या तीन वाहिन्यांचं काय करायचं?

मला विचाराल तर या भागाला एक वाहिनी पूर्णपणे जिल्ह्याची हवी. द्राक्षबागायतदाराला ढगाळ हवामानात डाऊनी रोगाची धास्ती असते. त्याला तासगाव, पलूस, मिरज अशा तालुक्यांचा दिवसातून चार वेळा अंदाज हवा, 'मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी पाऊस' एवढ्यानं त्याची फवारणी ठरत नाही. सांगलीच्या हळद-बेदाण्याच्या सौद्यांचे दर, कारखान्यांच्या तोडीचा कार्यक्रम, टेंभू आणि म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचं आवर्तन कुठल्या पोटकालव्यात कधी येणार, शाळांची सुट्टी, घाटातली वाहतूक. हे सगळं पडद्यावर मजकूर म्हणूनही देता येतं. कार्यक्रम चुकला तरी संध्याकाळी बटण दाबून वाचता येईल, तेही डेटा न जाळता. या माहितीचे तुकडे आज वेगवेगळ्या व्हॉट्सॲप गटांत फिरतात, अर्धे जुने आणि काही खोटे. विश्वासानं, एकाच ठिकाणी, फुकट आणि सगळ्यांना एकदम मिळण्याची सोय नाही. रेडिओची जागा तिथं रिकामी आहे.

संच स्वस्त करायचा रस्ताही आपल्याच जिल्ह्यांत आहे. हा सहकाराचा मुलूख आहे. कारखाने दिवाळीला सभासदांना सवलतीची साखर देतात, दूध संघ पशुखाद्य देतात, विकास सोसायट्या खत-बियाणं पोचवतात. याच वाटेनं काही लाख संचांची एकगठ्ठा मागणी उभी करता येते. काही लाखांची पक्की मागणी दिसली तर कारखानदार किंमत खाली आणतो. सुट्या संचांची हौशी बाजारपेठ त्याला कधीच पुरणार नाही. फुकट डिशचं उदाहरण डोळ्यांपुढं आहे. दूरदर्शनची डीडी फ्री डिश 2004 मध्ये सुरू झाली आणि गावागावांतल्या कौलांवर पोचली, कारण पेटी आणि छत्री एकदाच घ्यायची, महिन्याला काही भरायचं नाही आणि बसवून देणारा माणूस तालुक्यातच मिळतो. चित्र किती सुरेख आहे यावर ती खपली नाही.

फोनमधल्या एफएमची गोष्टही सरकारनं निकालात काढावी. बऱ्याच फोनमध्ये ती सोय असूनही बंद ठेवली जाते. केंद्र सरकारनं 2023 मध्ये ती सुरू ठेवण्याची सूचना मोबाइल उत्पादकांना केली. सूचनेच्या पलीकडे जायला हवं, आणि त्या नियमातच पुढच्या डिजिटल रेडिओचीही तजवीज व्हावी.

परदेशाचे दाखले दोन्ही बाजूंनी दिले जातात. नॉर्वेनं 2017 मध्ये राष्ट्रीय वाहिन्यांचं एफएम बंद केलं. तिथंही डोंगरदऱ्यांमुळे एफएमचा खर्च डोईजड होता. पण त्याआधी डिजिटलचं जाळं जवळपास सगळ्या लोकसंख्येपर्यंत नेलं होतं आणि बरीच लहान स्थानिक केंद्रं एफएमवर राहू दिली. ब्रिटनमध्ये बीबीसीनं 1995 मध्ये डिजिटल सुरू केलं आणि एकूण ऐकण्यातला डिजिटलचा वाटा निम्म्यावर जायला 2018 उजाडलं. स्वित्झर्लंडच्या सार्वजनिक प्रसारकानं 2024 च्या अखेरीस एफएम बंद केलं आणि श्रोते गमावले. श्रीमंत, शिकलेल्या, संच घेऊ शकणाऱ्या देशांत हे घडलं. म्हणून आपल्याकडे मध्यम लहरींचे जुने प्रक्षेपक खर्चाचं कारण सांगून एकेक करून बंद करायचे आणि डिजिटल येईल तेव्हा येईल, हा मार्ग मला अत्यंत घातक वाटतो. पाटणच्या वाडीतली म्हातारी मधल्या काळात काय ऐकणार? एकदा तिची सवय मोडली की ती परत येणार नाही, आणि तिच्या नातवाला ती सवय लागलेलीच नाही.

ऑक्टोबर 2025 मध्ये दूरसंचार नियामक ट्रायनं खासगी डिजिटल रेडिओसाठी शिफारशी केल्या. एकाच फ्रिक्वेन्सीवर जुनी एक वाहिनी, डिजिटल तीन आणि एक डेटाची, अशी रचना. देशभर एकच तंत्र. सुरुवात चार महानगरं आणि नऊ मोठ्या शहरांत. महाराष्ट्रातून मुंबई, पुणे आणि नागपूर. खासगी कंपन्या जाहिराती जिथं आहेत तिथंच जाणार, त्याबद्दल त्यांना दोष देता येत नाही. एकच तंत्र ठरवायचा आग्रह तर योग्यच आहे, कारण दोन पद्धती राहिल्या तर संच कधीच स्वस्त होणार नाही. पण त्या तेरा शहरांत रेंज, डेटा आणि करमणूक यांचा तुटवडा नाही. तिथल्या श्रोत्याला डिजिटल रेडिओ ही आणखी एक सोय ठरेल. तिथं तो चालला नाही, तर 'भारतात डिजिटल रेडिओला श्रोता नाही' असा निष्कर्ष काढून फाइल बंद होईल, आणि ज्या खोऱ्यांत त्याचा खरा उपयोग होता तिथं तो कधी जाऊनही पाहिला नसेल.

म्हणून आकाशवाणी चालवणाऱ्या प्रसार भारतीनं या शिफारशींची वाट न पाहता कृष्णा-कोयनेचं खोरं प्रायोगिक क्षेत्र म्हणून घ्यावं. पूर्ण ताकदीचं डिजिटल प्रक्षेपण, सांगली-सातारा केंद्रांवर भरलेल्या जागा, जिल्ह्याची एक स्वतंत्र वाहिनी, जलसंपदा विभाग आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाशी थेट जोडलेला इशारा, आणि पूरपट्ट्यातल्या व दरडप्रवण गावांत सार्वजनिक संच. जुनं प्रसारण या काळात चालूच राहावं. तीन पावसाळे हे चालवून पाहावं आणि मग श्रोते मोजावेत. इथल्या आमदार-खासदारांनी, साखर कारखान्यांच्या संचालकांनी, जिल्हा परिषदांनी ही मागणी एकत्र दिल्लीला न्यावी. पुढचा जून यायच्या आत निदान ग्रामपंचायतींचे संच तरी गावांत पोचलेले असावेत.